पहिल्या गाठीच्या आत

मला दिवस गेल्याचं कळल्यावर बाईंनी पहिलं काम केलं ते म्हणजे माझ्या नवऱ्याचं डोकं मोजलं. हे युनिव्हर्सिटीतून नुकतेच सायकलवरून आले होते आणि ओला कोट काढून स्वयंपाकघरात सूप पीत बसले होते. बाई गोठ्यातून आल्या, दाराजवळच्या खुंटीवरची दोरी काढली, यांच्या मागे उभ्या राहिल्या आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत दोरी ताणून धरली. मग तेवढं माप चिमटीत पकडून माझ्याकडे आल्या आणि माझ्या कमरेसमोर धरून पाहिलं. यांनी चमचा खाली ठेवला आणि हे माप कुठल्या एककात आहे असं विचारलं. हे इंजिनिअर. यांना तेवढंच सुचलं.

“आल्झो,” बाई म्हणाल्या, आपण ‘तर मग’ म्हणतो तसं, “आता मोजून काय करायचं? वळू निवडून झालाय.”

दोरी परत खुंटीवर गेली आणि जेवण पुढे चालू झालं. मी हसले. जरा जास्तच हसले, कारण त्याच उन्हाळ्यात मी त्या दोरीबद्दल बाईंशी खोटं बोलले होते आणि ते अजून कोणाला माहीत नव्हतं.

बाई म्हणजे आमच्या घरमालकीण. हॅनोव्हरच्या बाहेर त्यांचं शेत होतं. आम्ही आलो १९५८ साली. शहर अजून अर्धं बांधायचं राहिलं होतं, खोल्या मिळत नव्हत्या, आणि ज्या मिळायच्या त्या आमची तोंडं बघितल्यावर आधीच गेलेल्या असायच्या. युनिव्हर्सिटीतल्या कोणीतरी या शेताचा पत्ता दिला. बाईंनी यांच्याकडे नीट पाहिलंही नाही. मला सरळ गोठ्यात नेलं, एका गायीखाली स्टूल सरकवलं आणि हातात बादली दिली. मी माणदेशातली. चौथीनंतर शाळा सुटली ती गुरांमागे जायला लागले म्हणूनच. मी धार काढली. बाईंनी फेस बघितला, बोट बुडवून चाटलं आणि वरच्या मजल्यावरची खोली उघडून दिली. डॉक्टरेट करायला आलेल्या माणसाला जर्मनीत घर मिळालं ते बायकोला धार काढता येत होती म्हणून. यांनी ते शेवटपर्यंत लोकांना सांगितलं, फक्त मी समोर नसताना.

मी त्यांना पहिल्या दिवसापासून बाई म्हणत आले. त्यांना वाटायचं माझ्या भाषेत घरमालकिणीला तसंच म्हणतात. त्या मला डेर्न म्हणायच्या. तिकडच्या खेड्यातला शब्द आहे, पोरगी असा अर्थ. मी आज पंचाऐंशीच्या पुढे गेले, पण मला पोरगी म्हणणारं त्यांच्यानंतर कोणी भेटलं नाही.

त्यांचा नवरा लढाईत रशियात गेला आणि आला नाही. त्याचा हिरवा जाड कोट त्या बारा महिने घालायच्या. उन्हाळ्यात नुसता खांद्यावर टाकायच्या. कोटाच्या खिशात पावाचा तुकडा, सुरी, खिळे आणि कधीकधी कोंबडीचं अंडं असायचं. आभार मानायच्या नाहीत. कोणी त्यांचे मानले की त्या मागे वळून बघायच्या, दुसऱ्या कोणाला म्हणतंय का ते. माझं नऊवारी त्यांना फार पसंत पडलं. काष्टा कसा घालतात ते दोनदा बघून घेतलं आणि म्हणाल्या की इथल्या बायकांना हे सुचलं नाही म्हणून त्या नवऱ्यांच्या जुन्या विजारी घालून गोठ्यात जातात. थंडीत मी नऊवारीवर यांचा स्वेटर आणि रबरी बूट घालायचे. हॅनोव्हरहून आपली शिकणारी मुलं रविवारी जेवायला यायची, त्यांना मी तशी दिसले की हसू दाबावं लागायचं. पिठलं वाढलं की हसू थांबायचं.

बाई आपल्या कालवडींना शाळेतल्या वर्गमैत्रिणींची नावं ठेवायच्या. त्या मैत्रिणी सगळ्या हयात आणि सगळ्या त्याच गावात. त्यामुळे बाई दुकानात उभ्या राहून अमकी माजावर आली, तमकीला आता वळू दाखवायला हवा असं मोठ्याने सांगायच्या आणि मागे रांगेत ती बाई पिशवी घेऊन उभी असायची. दुकान चालवणारी लीना तर त्यांच्याशी दहा वर्षं बोलत नव्हती. सामान काढून द्यायची, पण तोंड दुसरीकडे करून.

आमची लीना काळीपांढरी होती, कपाळावर पानासारखा ठिपका. तिची आई बादलीत पाय घालणारी होती, म्हणून लीनाला मी हाताने वाढवलं. बोटं तोंडात घालून दूध प्यायला शिकवलं. मोठी झाली तरी ती माझी बोटं धुंडाळायची आणि मिळाली की डोळे मिटून चोखत उभी राहायची. जर्मन मला येत नव्हतं तेव्हा दिवसातलं माझं सगळं बोलणं तिच्याशी, तेही मराठीत. तिला बस, उठ, सरक कळायचं. गोठ्यात दुसऱ्या कोणाला कळत नव्हतं.

लीना आणि आणखी चार कालवडी दुधाच्या नव्हत्या. शहरात पुन्हा रविवारी ताटात मांस यायला लागलं होतं, आणि बाईंनी ठरवलं की कमी दुधाच्या घराण्यातल्या कालवडी मागच्या कुरणात ठेवायच्या आणि त्यांच्यापासून मांसाची जनावरं तयार करायची. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. रविवारी येणाऱ्यांपैकी एकाने मला हळूच विचारलं, वहिनी, तुम्हाला हे कसं बघवतं? मी त्याला विचारलं, तुमच्या गावचा थकलेला बैल बाजारात विकला की तो काशीला जातो का? तो पुण्याचा होता. त्याच्याकडे बैल नव्हता. पण मी खाल्लं कधीच नाही, आणि बाईंनी समोर ठेवलं नाही. माझी कढई वेगळ्या खिळ्याला असायची आणि एकदा शेजारणीने तीत डुकराची चरबी तापवली तर बाईंनी कढई शेजारणीच्या अंगणात नेऊन टाकली आणि मला नवी आणली.

आता वळू. बाईंचं सगळं शहाणपण आणि सगळा विक्षिप्तपणा तिथे दिसायचा. चर्चमध्ये त्या गोठ्यातल्या एप्रनवर जायच्या आणि वळू बघायला जाताना इस्त्रीचा घालायच्या. गावातले पुरुष वळूचं वजन विचारायचे. बाई वजन ऐकून घ्यायच्या नाहीत. पोचल्याबरोबर मालकाला सांगायच्या, “बैल नंतर. आधी त्याची आई दाखवा.” धुऊनपुसून उभा केला की कुठलाही बैल बरा दिसतो, आईला कोणी धूत नाही असं त्यांचं म्हणणं. मग त्या आईच्या मागे जाऊन दोन हाडांमधली जागा विताने मोजायच्या, तिच्या डोळ्यात बघायच्या आणि व्यायच्या वेळी तिला आजवर किती वेळा ओढून सोडवावं लागलं ते मालकाला नाही, गड्याला विचारायच्या.

ते पटलं की वळूच्या आवारात स्टूल न्यायचं, त्याच्याकडे पाठ करून बसायचं आणि खिशातला पाव काढून खायचा. मालक कुंपणापाशी घामाघूम. बाई सावकाश चावताहेत. वळू मागून आला, हुंगून गेला तर चांगला. फुरफुरला तर बाई पाव संपवून उठायच्या आणि घरी यायच्या. मी एकदा विचारलं, मारलं तर? त्या म्हणाल्या, मग कळेलच की.

शेवटी दोरी. मेण चोळून काळी झालेली, दोन हात लांब, तीन गाठींची. वळूच्या खांद्यांची रुंदी त्या पुढून मोजायच्या. दोरीचं टोक एका खांद्याच्या हाडावर आणि पहिली गाठ दुसऱ्या खांद्याच्या आत आली नाही पाहिजे, म्हणजे खांदा पहिल्या गाठीच्या अलीकडेच संपला पाहिजे. नाहीतर तो पहिलटकरणींसाठी नाही, मग तो राजाचा असो. पुढच्या दोन गाठी कशाला, असं मी विचारलं होतं. “त्याही ओलांडायच्या नाहीत,” एवढंच म्हणाल्या. पहिली ओलांडायची नाही तर पुढच्यांचा प्रश्नच कुठे येतो, हे मला कळलं नाही. मला वाटलं, म्हातारीचं खूळ.

खूळ वाटायला कारण होतं. आमच्याकडे खिलार गुरं. गाय उंच, वासरू सडपातळ, काठीसारख्या पायांचं. व्यायला झालेली गाय बांधाच्या आडोशाला जाते आणि तासाभराने वासराला चाटत उभी असते. माझ्या वडिलांना वळू निवडायला चार गावांची माणसं न्यायची. ते छाती बघायचे, वशिंड बघायचे, खूर बघायचे, चाल बघायचे. खांदे जितके भरलेले तितका वळू चांगला, कारण त्याच्या खोंडाला पुढे नांगर ओढायचा असतो. वासरू बाहेर कसं येणार, हा प्रश्न त्यांना कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. अडलेली गाय मी जन्मात पाहिली नव्हती.

१९६२ च्या मे महिन्यात बाई माळ्याच्या शिडीवरून पडल्या आणि पायाला प्लास्टर बसलं. कालवडींचं वय झालं होतं, वळू निवडायचा होता. गावातला कोणी पुरुष त्यांना चालणार नव्हता. एके सकाळी त्यांनी मला बोलावलं, दोरी हातात दिली, स्वतःचा इस्त्रीचा एप्रन दिला आणि बसमध्ये बसवून दिलं. चार वर्षांत त्यांनी ती दोरी दुसऱ्या कोणाच्या हातात दिलेली मी पाहिली नव्हती.

ते शेत मोठं होतं. मालक सभ्य माणूस. नऊवारी, एप्रन आणि दोरी बघून त्याला काय वाटलं असेल ते त्याने दाखवलं नाही. आधी त्याने एक काळा वळू दाखवला. बुटका, शिंगं नाहीत, चेहरा झोपाळू. बिनशिंगांचा बैल म्हणजे मला मुंडण केलेल्या माणसासारखा वाटायचा. त्याची आई शेजारीच होती, गरीब गाय. गड्याने सांगितलं, एकदाही ओढावं लागलं नाही. मी स्टुलावर बसून पाव खाल्ला. काळा मागून आला, हुंगला, निघून गेला. दोरी लावली. पहिल्या गाठीच्या एक बोट आत. सगळं जमलं होतं. मी तेव्हाच बसस्टॉपवर जायला हवं होतं.

मालक म्हणाला, एवढ्या लांब आलात तर आमचा फ्रान्सचा पाहुणाही बघून जा.

दार उघडलं आणि आतून पांढरा वळू बाहेर आला. पांढरा, थोडी सायीची झाक, आणि त्याला शिंगं होती. वशिंड नव्हतं, शिंगं खिलारासारखी उभी नव्हती, हे मला दिसत होतं. मी आंधळी नव्हते. पण चार वर्षं मी काळी आणि काळीपांढरी जनावरं बघत होते आणि मातीचा वास येत नव्हता अशा देशात राहत होते. वडील गेल्याचं पत्र मला दोन महिन्यांनी मिळालं होतं. मी स्टूल घेऊन आत गेले आणि पाठ करून बसले. पाव खाल्ला नाही. तो मागून आला, माझ्या मानेवर त्याचा गरम श्वास आला, मग त्याने माझ्या अंबाड्याला जीभ लावली. मी बराच वेळ उठले नाही. मालकाला वाटलं मी घाबरले.

दोरी लावली तर खांदा पहिल्या गाठीच्या दोन बोटं बाहेर. दुसरी गाठ अजून चार बोटं लांब होती. मी दोनदा मोजलं. दोन्ही वेळा दोनच बोटं.

घरी आले तेव्हा बाई पाय खुर्चीवर ठेवून बटाटे सोलत होत्या. मी पांढऱ्या वळूचं सांगितलं. काळ्याचंही सांगितलं, पण कमी.

“आई पाहिलीस?”

“आई फ्रान्सात आहे.”

त्यांनी सुरी थांबवली. आई न बघता त्यांनी आजवर वळू घेतला नव्हता. “गाठ?”

“पहिल्या गाठीच्या आत,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बटाट्याकडे. “मग ठीक आहे,” म्हणाल्या. आईची अट त्यांनी माझ्या शब्दावर सोडली.

वळू सहा आठवडे आमच्या कुरणात होता. मी रोज संध्याकाळी कुंपणापाशी जाऊन उभी राहायचे. बाईंचं प्लास्टर निघालं तोवर तो परत गेला होता, त्यांनी तो लांबूनच पाहिला. पाचही कालवडी गाभण राहिल्या. त्याच सुमारास मीही. बाईंनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पाच जणींच्या तारखांखाली माझीही तारीख लिहिली, त्याच पेन्सिलीने. हे ते कॅलेंडर बघून दोन दिवस माझ्याशी आणि बाईंशी बोलले नाहीत. डोकं मोजल्याचंही त्यांनी एवढं मनावर घेतलं नव्हतं.

मार्चमध्ये पहिली व्यायली. शेजारची दोन माणसं आणि बाई, तिघांनी दोरखंड लावून वासरू ओढलं. दुसरीचं तसंच. वासरू जमिनीवर आलं की बाई त्याच्या खांद्यांवर हात फिरवायच्या आणि तो हात एप्रनला पुसायच्या. मला तेव्हा समजलं की खूळ कसलं होतं. दुसऱ्या वासराच्या वेळी मी बाहेर जाऊन ओकले. सगळ्यांना वाटलं पोटुशी आहे म्हणून.

तिसरी आणि चौथी कशातरी सुटल्या. लीना शेवटची. सकाळी धारा झाल्यावर तिने सुरुवात केली, दुपार झाली तरी पुढचे दोन पाय आणि नाक, त्यापुढे काही नाही. बाईंचा हात खांद्यापर्यंत आत होता. गुरांचा डॉक्टर दुसऱ्या गावी होता, तो येईपर्यंत जेवणाची वेळ टळून गेली. मी तिच्या तोंडाशी बसले होते. मोठ्या पोटामुळे नीट बसता येत नव्हतं. तिने माझी बोटं शोधली आणि तोंडात घेतली, पण चोखली नाहीत, नुसती धरून ठेवली. डॉक्टरने वासरू काढलं, ते आधीच मेलेलं होतं. पांढरं होतं, सायीच्या रंगाचं. मग लीनाचं रक्त थांबेना. चहाला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळात संपलं.

डॉक्टर हात धुऊन गेला. शेजारचे गेले. बाई पंपाखाली हात धरून उभ्या होत्या.

“किती बोटं?” त्यांनी विचारलं.

“दोन.”

त्यांनी दुसरा हात धुतला. मला वाटलं, आता म्हणतील की सामान बांधा. आम्ही गावातून कुठे जाणार होतो हे मला माहीत नव्हतं आणि माझे दिवस भरत आले होते. त्या म्हणाल्या, “आत चल. इथे थंडी आहे.”

स्वयंपाकघरात त्यांनी दोरी काढून टेबलावर सरळ मांडली. लांबच्या गाठीवर बोट ठेवलं. “ही माझ्या बापाची. दोन कालवडी गेल्या.” मधली. “ही नवऱ्याची. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. त्याला गावातल्या सगळ्यांपेक्षा मोठा वळू पाहिजे होता.” मग पहिली. “ही माझी. तो लढाईवर होता. मी एकटीने निवडला, आणि वळू फार देखणा होता.”

मी विचारलं, मला हे आधी का सांगितलं नाही.

“काय झालं असतं?” बाई म्हणाल्या. “मोजता तुला येतच होतं.”

मग त्यांनी दोरी माझ्याकडे सरकवली. पहिल्या गाठीपुढे दोन बोटं मोजून तिथे मलाच गाठ मारायला लावली. माझी बोटं सुजली होती, दोरी मेणाने ताठ, तीन वेळा सुटली. त्या मदतीला आल्या नाहीत. चौथ्यांदा बसली तेव्हा त्यांनी ओढून पाहिली, पक्की आहे का, आणि दोरी खुंटीवर लावली.

“तू माझ्या शेजारी आलीस,” म्हणाल्या आणि चूल पेटवायला गेल्या.

त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात मात्र दहा वर्षांत पहिल्यांदा लीना बोलली. पीठ बांधता बांधता म्हणाली, मी मेले असं ऐकलं.

“हो,” बाई म्हणाल्या. “आणि ती तुझ्यापेक्षा स्वभावाने बरी होती.”

लीना आधी लाल झाली, मग हसायला लागली, मग बाईही. दोघी काउंटरच्या दोन बाजूंना डोळे पुसत हसत होत्या. मी बाहेर येऊन उभी राहिले. मला हसता येत नव्हतं.

तीन आठवड्यांनी हॅनोव्हरच्या हॉस्पिटलात माझा मुलगा झाला. फार त्रास न देता झाला. दुसऱ्या दिवशी बाई आल्या. त्यांना शहर आवडायचं नाही, लढाईनंतर त्या आत आल्याच नव्हत्या. हिरवा कोट, खिशात पाकातल्या चेरींची बाटली. नर्स अडवत होती, तिला बाजूला करून त्या पाळण्यापाशी गेल्या, पोराच्या दोन्ही खांद्यांवर आडवा पंजा ठेवून पाहिला आणि म्हणाल्या, “सुटलीस.” गाय व्यायली की म्हणायचा तोच शब्द. मग माझ्या पायाशी बसून चेरी स्वतःच खाल्ल्या.

१९६४ ला यांना न्युरेम्बर्गला नोकरी लागली. निघताना मी बाईंच्या पाया पडले. त्यांना वाटलं माझं काही खाली पडलं, त्याही वाकून शोधायला लागल्या.

न्युरेम्बर्गला आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता, गॅस होता, गरम पाणी होतं. सकाळी चारला जाग यायची आणि काही करायला नसायचं. बाई वर्षातून दोन कार्डं पाठवायच्या. साधी, चित्र नसलेली, अक्षर मोठं. उन्हाळ्यात यायचं: “वळू पाहिला. पहिल्या गाठीच्या आत.” वसंतात यायचं: “सगळ्या सुटल्या.” त्याखाली नाव. तब्येत, हवापाणी, काही नाही. मी उत्तर लांबलचक लिहायचे. चौथी शिकलेल्या बाईला जेवढं जर्मन लिहिता येईल तेवढ्यात. हे तपासून द्यायचे.

१९६८ च्या वसंतात कार्ड आलं ते वेगळं होतं. विकत घेतलेलं, रंगीत. ईस्टरचा ससा, टोपलीत अंडी. मागे फक्त बाईंचं नाव. मला नवल वाटलं, म्हातारपणी बाईंना चित्रांची हौस आली म्हणून. पोराने तो ससा मागितला, मी दिला. मग वेळ काढून सविस्तर उत्तर लिहिलं. शिवणाचं नवीन यंत्र घेतलं आहे, त्याचे टाके कसे छान पडतात, पोरगा किंडरगार्टनमध्ये जातो आणि मराठीत विचारलं तर जर्मनमध्ये उत्तर देतो, असं दोन पानं. शेवटी, आम्ही सगळे मजेत आहोत, तुम्हीही मजेत असाल.

त्या उन्हाळ्यात कार्ड आलं नाही. पुढच्या वसंतात माझंच एक पत्र परत आलं. मी पोराला घेऊन ट्रेनने गेले. शेत एका तरुण माणसाने चालवायला घेतलं होतं. बाई हिवाळ्यात गेल्या, असं तो म्हणाला. त्याला आमचा पत्ता माहीत नव्हता. गोठा दुरुस्त केला होता. आता वळू लागत नाही, डॉक्टर मोटारसायकलवर रेतनाच्या नळकांड्या घेऊन येतो, असं त्याने कौतुकाने सांगितलं. मी मागच्या कुरणाकडे गेले. कुरणाचं फाटक दोरीने बांधलेलं होतं, मेणाने काळ्या पडलेल्या. मी ती सोडून मागितली तर त्याने ताबडतोब दिली आणि फाटकाला तार बांधली.

ट्रेनमध्ये मी ती मांडीवर सरळ केली. बापाची, नवऱ्याची, माझी, बाईंची. चार गाठी व्हायला हव्या होत्या. पाच होत्या. पाचवी बाईंच्या गाठीच्याही आत होती, टोकाकडे तीन बोटं. म्हणजे माप पाळून, आई बघून, पाठ करून बसून, सगळं बरोबर करून निवडलेला वळू होता आणि तरी एक गेली होती. कुठली, मला माहीत नाही. नवीन कालवडींना कोणाची नावं ठेवली होती तेही मी कधी विचारलं नव्हतं.

घरी येऊन मी सगळी कार्डं काढून पलंगावर वर्षावार मांडली. १९६७ चा उन्हाळा: वळू पाहिला, पहिल्या गाठीच्या आत. त्यानंतरच्या वसंतात “सगळ्या सुटल्या” नव्हतं. त्या जागी पोराला दिलेला ससा आला होता. जगात त्या दोरीच्या गाठी कशाच्या हे माहीत असलेलं त्यांच्यानंतर एकच माणूस होतं, आणि त्या माणसाला त्यांनी कळवलं होतं. लिहिता येईना म्हणून बाजारात जाऊन चित्र विकत घेतलं असेल.

दोरी माझ्या कपाटात आहे. नातीने मध्यंतरी विचारलं, जर्मनमध्येच, की हे काय आहे. मी सांगितलं, माझ्या घरमालकिणीची दोरी आहे. तिने हातात घेऊन वास घेतला आणि परत ठेवली.

बाईंनी ससा पाठवला होता, आणि मी त्यांना शिवणाच्या यंत्राचं कळवलं.